आकडा आधी, रीसेट नंतर

मळमड्डी वस्तीत जुना वीजमीटर बदलायला माणूस आला, की आधी शेवटचा आकडा टिपतो, मगच तारा सोडवतो. व्हर्च्युअल मशीनच्या दुनियेत हाच क्रम एके ठिकाणी उलटा झाला होता. तो सरळ व्हायला 2023 उजाडले.

चालते मशीन बंद न करता दुसऱ्या सर्व्हरवर हलवणे ही तशी जुनी करामत. 2005 मध्ये केंब्रिज आणि कोपनहेगनच्या संशोधकांनी झेन या हायपरवायझरवर क्वेक 3 या खेळाचा सर्व्हर, लोक खेळत असतानाच, हलवून दाखवला. खंड पडला जेमतेम 60 मिलिसेकंदांचा. कौतुक झाले ते मेमरी हलवण्याचे. डिव्हाइसच्या अवस्थेची फारशी चर्चा झाली नाही. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्यूइमू या प्रोग्राममध्ये तर आभासी नेटवर्क कार्ड आणि डिस्क एकाच प्रोसेसमध्ये असत. थांबवणारा, टिपणारा आणि पुसणारा एकच, मग क्रमाची काळजी कोण करतो?

पुढे वेगासाठी वाटण्या झाल्या. 2010 मध्ये व्हीहोस्ट-नेटने नेटवर्कचे काम कर्नेलकडे नेले, 2014 मध्ये व्हीहोस्ट-यूजरने ते वेगळ्या प्रोसेसकडे दिले आणि 2020 मध्ये व्हीडीपीएने थेट हार्डवेअरकडे. आता मशीनने रांगेत लावलेले काम कुठवर आले, हे ते करणाऱ्या बाजूला, म्हणजे बॅकएंडलाच, विचारावे लागे. उत्तर म्हणजे एक आकडा, 'व्हीरिंग बेस'. साध्या रांगेत तो सोळा बिटांचा असतो, 65,535 नंतर पुन्हा शून्य. नव्या ठिकाणी काम तिथूनच पुढे सुरू करायचे.

क्यूइमूचा थांबवण्याचा कोड मात्र आधी बॅकएंडला 'थांब' म्हणे आणि नंतर आकडा मागे. कर्नेलच्या बॅकएंडला तो निरोप जातच नसे, त्यामुळे काही बिघडले नाही. व्हीडीपीएत मात्र 'थांब' याचा अर्थ रीसेट. डिव्हाइस कोरे झाल्यावर त्याला आकडा विचारण्यात काय हशील? माझ्या मते यात चूक कुणा एकाची नव्हती. एकाच शब्दातून क्यूइमूने आणि व्हीडीपीएने दोन वेगळी कामे ऐकली, एवढेच.

उपाय दोन पायऱ्यांत आला. 2022 मध्ये लिनक्स 6.0 ने 'सस्पेंड'ची सोय दिली: थांबायचे, पण विसरायचे नाही. मग 2023 च्या एप्रिलमध्ये आलेल्या क्यूइमू 8.0 मध्ये रीसेट शेवटी गेला. सस्पेंड, आकडा, मग रीसेट. बदल काही ओळींचाच.

सगळ्या बॅकएंडांचे मात्र एका आकड्यावर भागत नाही. मशीनला यजमान सर्व्हरची फोल्डरे दाखवणाऱ्या व्हर्टिओएफएसडीला उघड्या फाइलींचाही हिशेब ठेवावा लागतो. त्याच वर्षअखेरच्या क्यूइमू 8.2 पासून असा बॅकएंड आपली सगळी अवस्था गाठोडे बांधून पाठवू शकतो. आत काय आहे ते क्यूइमू पाहत नाही. इथे रीसेटची घाई आणखी महाग पडते, कारण स्थलांतर मध्येच फसले तर मशीनला जुन्याच जागी, त्याच बॅकएंडवर, पुन्हा उभे राहायचे असते.