स्तनचित्रणाचे संगणकसाहाय्यित वाचन

स्तनांच्या क्ष-किरण चित्रांतील कर्करोगसूचक खुणा संगणकाच्या मदतीने शोधण्याची पद्धती. बर्लिन येथील शस्त्रवैद्य आल्बेर्ट झालोमोन ह्यांनी १९१३ मध्ये शस्त्रक्रियेने काढलेल्या सु. ३,००० स्तनांची क्ष-किरण चित्रे प्रत्यक्ष ऊतकांशी ताडून पाहिली, तेव्हापासून स्तनचित्रणाचा इतिहास सुरू होतो. चित्र काढण्यापेक्षा ते वाचणे अवघड. दाट स्तनात गाठ व निरोगी ऊतक ही दोन्ही पांढरीच उमटतात. कॅल्शियमचे सूक्ष्म कण थकलेल्या नजरेतून सहज निसटतात. म्हणून यूरोपातील अनेक देशांत एकच चित्र दोन तज्ञांनी वाचण्याचा प्रघात पडला.

हे काम संगणकाकडून करवून घेण्याचा एक आरंभीचा प्रयत्न विन्सबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. १९९८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पहिल्या व्यापारी यंत्रणेस मान्यता दिली. तज्ञाचे वाचन झाल्यावर ती संशयास्पद जागा दाखवी. निर्णय तज्ञाचाच राही. तिचा प्रसार मात्र पुराव्याच्या पुढे धावला. अमेरिकेतील ४३ केंद्रांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. यंत्रणा आणलेल्या केंद्रांत कर्करोग नसलेल्या स्त्रियांना तसे अचूक ठरविण्याचे प्रमाण ९०.२ टक्क्यांवरून ८७.२ टक्क्यांवर उतरले होते. ऊतकाचा तुकडा काढून तपासण्याचे प्रमाण जवळजवळ एक-पंचमांशाने वाढले होते; म्हणजे कित्येक निरोगी स्त्रियांच्या वाट्याला भीती व सुई आली. कर्करोग शोधण्यात निश्चित सुधारणा दिसली नाही.

नवी यंत्रणा निदान झालेल्या चित्रांच्या मोठ्या संग्रहावरून स्वतः शिकते. स्वीडनमध्ये ८०,०३३ स्त्रियांवरील चाचणीत तिच्यामुळे तज्ञांचे वाचनाचे काम ४४.३ टक्क्यांनी घटले, पण कर्करोग सापडण्याचे प्रमाण घटले नाही, असे २०२३ मध्ये दिसून आले.

मात्र जे चित्र काढलेच गेले नाही, ते संगणक वाचू शकत नाही. वाशीम जिल्ह्यातील धनजसारख्या गावातील स्त्रीच्या दृष्टीने चित्रणकेंद्रापर्यंतची वाट हाच पहिला प्रश्न ठरतो. चित्रणावाचून काय साधते, हे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून तपासले. शहरातील गरीब वस्त्यांमधील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचे दोन गट केले गेले. एका गटातील स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, हाताने तपासले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गटात कर्करोग आधीच्या अवस्थेत सापडला. पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले; त्याहून लहान वयात तसा लाभ आढळला नाही.