सिनेमाचं नाव ओळखा, पण साहेबाला कळू देऊ नका

जो रानरेडा, तो देवीच्या नावानं मागायचा (३).

बघा सुटतंय का. मराठी सिनेमा आहे, २००९ सालचा. कंसातला आकडा म्हणजे अक्षरं किती ते. कोल्हापूरकडच्या माणसाला या कोड्यात जरा झुकतं माप आहे, एवढं सांगून ठेवतो.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ऑफिसात. शेजारच्या खुर्चीवर एक चेन्नईकर बसतो. इकडे बिल्ड लावला, की तिकडे हा 'द हिंदू'मधलं क्रिप्टिक शब्दकोडं काढून बसणार. यातली मेख त्यानंच मला समजावली. सूत्राच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो. उरलेल्या शब्दांत त्याच उत्तराचे तुकडे करून लपवलेले असतात. आणि दोन्ही मिळून वरवर वाचलं तर तिसरंच एक वाक्य दिसतं. त्या दिसणाऱ्या वाक्यावर विश्वास ठेवला की संपलात! आमच्या धंद्यातल्या भाषेत, एकच सोर्स कोड आणि दोन कंपायलर. सगळं समजावून झाल्यावर पठ्ठ्या म्हणतो, "तुमच्या भाषेत असलं काही नसेल, ना?"

झालं. मराठी माणसाला असं डिवचायचं नसतं. संध्याकाळपर्यंत मी अर्धा डझन कोडी पाडली होती, सगळी सिनेमांच्या नावांवर.

वरच्याचं उत्तर 'जोगवा'. रानरेडा म्हणजे गवा. जो + गवा. दाजीपूरचं अभयारण्य गव्यांसाठीच प्रसिद्ध, म्हणून झुकतं माप म्हणालो. आणखी दोन देतो:

पहिला सूर लावून मनाला हाक मारा, लढत अटळ आहे (३).

डावीकडे जाऊ का? मोकाट जनावर विचारतंय (२).

पहिल्यात पहिला सूर 'सा', मनाला हाक मारली की 'मना', झाला 'सामना'. जब्बार पटेलांचा, तेंडुलकरांनी लिहिलेला, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. दुसरा 'वळू', २००८ चा. हे माझं सगळ्यात लाडकं, कारण त्यात तोडफोड काहीच नाही. एकाच शब्दाकडे दोनदा बघायचं, बस्स.

करताना एक गोष्ट लक्षात आली. इंग्रजीत अक्षरं पिशवीत घालून खळखळ हलवली की नवा शब्द बाहेर पडतो. मराठीत ते फारसं जमत नाही, कारण काना-मात्रा अक्षराला चिकटलेल्या असतात. आपल्या शब्दकोड्याच्या एका चौकोनात 'ज्ञा' अख्खाच्या अख्खा बसतो, त्याचे तुकडे कोण करणार? मराठीचं बळ आहे ते शब्द कुठे तोडायचा यात. व्याकरणात त्याला सभंग श्लेष असं भारदस्त नाव आहे. शाळेत मार्कांसाठी पाठ केलेला, आणि परीक्षेनंतर सोयीस्करपणे विसरलेला!

दिवाळीत कबनूरला गेलो तेव्हा हा माल बरोबर होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कबनूर हे इचलकरंजीला खेटून असलेलं गाव. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, त्या मागांची खडखड आमच्या गल्लीपर्यंत पोचली. धाकटे काका मागाशेजारी उभे होते. त्या आवाजात मी ओरडून 'जोगवा'चं कोडं घातलं. धोट्यातली कांडी बदलता बदलता त्यांनी उत्तर दिलं, वर म्हणाले, "ह्यात नवं काय हाय रं? फडावर सवाल टाकत्यात, तसंच की!"

काकांचं म्हणणं सोळा आणे खरं. कलगी-तुऱ्याच्या फडात रात्र रात्र हेच चालायचं. कलगीवाले शक्तीच्या बाजूचे, तुरेवाले शिवाच्या. एका शाहिराने कूट घालायचं, दुसऱ्याने भर फडात उकलायचं, नाही उकललं तर हार. अनंत माने यांच्या १९६४ च्या 'सवाल माझा ऐका!' या सिनेमाच्या नावातच ती परंपरा आहे. त्याच्याही मागे गेलात तर एकनाथांची भारुडं. वरून विंचू, वेडी, जोशी, आत अध्यात्म. आणि मोरोपंत तर काय, ओठ न मिटता म्हणता येईल असं अख्खं निरोष्ठ रामायण लिहून मोकळे.

इंग्रजीतल्या शब्दकोड्याचा जन्म मात्र अगदी अलीकडचा. आर्थर विन याने न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात २१ डिसेंबर १९१३ ला पहिलं छापलं. त्याला क्रिप्टिक वळण लागलं ते विलायतेत, १९२० च्या दशकात. लंडनच्या 'टाइम्स'ने तर शब्दकोडं सुरू केलं १९३० च्या फेब्रुवारीत. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता खरी गंमत. कोडं घालणारा आणि सोडवणारा, असे दोघेच असले की तो खेळ. पण शेजारी तिसरा उभा असेल, त्याला फक्त वरचं वाक्य दिसलं पाहिजे आणि आतलं कळलं तर तुरुंग, मग? आपल्याकडे हे नाटक-सिनेमात घडलं, आणि त्यातला बराच भाग आमच्या कोल्हापुरात.

सुरुवात १९०७ ची. 'केसरी'तले टिळकांचे सहकारी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी 'कीचकवध' लिहिलं. वरून महाभारत. अज्ञातवासातली द्रौपदी विराटाच्या दरबारात सैरंध्री म्हणून राबते, कीचक तिच्यावर हात टाकू पाहतो, भीम त्याला ठार करतो. यात आक्षेप कुणाला आणि कशाला? पण प्रेक्षकांनी उत्तरं केव्हाच भरून टाकली होती. कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदुस्थान, सबुरीचा सल्ला देणारा धर्मराज म्हणजे मवाळ, आणि भीम म्हणजे जहाल. सरकारला हे सुटायला तीन वर्षं लागली. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकाराने त्याच वर्षीच्या आपल्या 'इंडियन अनरेस्ट' पुस्तकात या नाटकाचं उत्तर पात्रवार छापलं. (याच पुस्तकावरून टिळकांनी पुढे लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला, आणि १९१९ मध्ये ते हरले.) आणि हा चिरोल कुठला? लंडनच्या 'टाइम्स'चा! त्या पेपरात शब्दकोडं यायला अजून वीस वर्षं होती, पण त्यांच्या माणसाने एक मराठी कोडं सोडवून ठेवलं होतं.

दहा वर्षांनी, १९२० मध्ये, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट आणला. गोष्ट तीच, कीचकाच्या वधाची. नाव मात्र 'सैरंध्री'. मारला गेलेला नावातून गायब, छळली गेलेली पुढे. बाबूरावांच्या मनात काय होतं ते मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण 'कीचकवध' ज्यांच्या स्मरणात होतं त्यांना हे नाव वाचून काय आठवलं असेल हे सांगायला ज्योतिषी नको.

त्याच कंपनीतून बाहेर पडून शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्या साथीने १ जून १९२९ ला कोल्हापुरात 'प्रभात' काढली. १९३० मध्ये त्यांनी शिवाजी महाराजांवर मूकपट केला, शिवाजी स्वतः शांताराम. नाव ठरलं 'स्वराज्य तोरण'. काय नाव आहे! दारावर बांधतात ते तोरण, आणि पहिल्यांदा घेतला तो तोरणा. एका शब्दात सण आणि किल्ला. पण वर्ष कुठलं? मिठाच्या सत्याग्रहाचं. सेन्सॉरने तोरणाकडे बघितलंही नसेल, 'स्वराज्य' शब्दालाच अडला. नाव बदला! बदललं. 'उदयकाल'.

मला विचाराल तर इथे प्रभातवाल्यांनी साहेबाला अस्सल क्रिप्टिक सूत्र दिलं. 'स्वराज्य तोरण'मध्ये उत्तर जवळजवळ उघडंच लिहिलं होतं, पकडलं गेलं ते रीतसरच. 'उदयकाल'मध्ये एकही शब्द पकडण्यासारखा नाही. कोण उगवतंय? सूर्य, साहेब, दुसरं कोण! आणि हे घडलं त्याच १९३० मध्ये, ज्या वर्षी लंडनचे साहेबलोक 'टाइम्स'चं नवंकोरं शब्दकोडं पेन्सिल चावत सोडवायला लागले होते.

साहेब दरवेळी गाफील होता असंही नाही हं. १९३५ मध्ये, प्रभात पुण्याला हलल्यानंतर, शांतारामांनी एकनाथांवर बोलपट काढला, नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. नाव 'महात्मा'. अस्पृश्यांच्या घरी जेवणारा संत आणि हे नाव, म्हणजे सूत्राची दोन्ही टोकं गांधींकडेच बोट दाखवणारी. सेन्सॉरने ते ओळखलं. सिनेमा 'धर्मात्मा' नावाने आला. भारुडांतून कोडी घालणाऱ्या नाथांच्याच सिनेमाचं नाव सरळ वाचलं जाऊन पकडलं जावं, याला काय म्हणणार...

साहेब गेला, सेन्सॉर राहिला. मग आले दादा कोंडके. त्यांचा पहिला सिनेमा 'तांबडी माती' (१९६९) कोल्हापूरच्याच भालजी पेंढारकरांचा. दादांचं नाव घेतलं की काही लोक नाक मुरडतात, मुरडोत. पण कारागिरी बघा. १९८६ च्या त्यांच्या हिंदी सिनेमाचं नाव 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में'. 'दिया' नाम की क्रियापद, एवढाच प्रश्न. नाम घेतलंत तर देवघरात लावता येईल इतकं सात्त्विक, क्रियापद घेतलंत तर तुमच्या मनात पाप! खाडिलकर आणि दादांना एका ओळीत बसवलं म्हणून दोन्हीकडचे भक्त मला झोडतील, पण तंत्र तेच आहे. फरक एवढाच की खाडिलकरांच्या साहेबाला उत्तर उशिरा कळलं, आणि दादांच्या सेन्सॉरला उत्तर लगेच कळूनही ते कागदावर लिहिण्याची लाज वाटली असणार.

कबनूरला त्याच दिवाळीत माझ्या बारा वर्षांच्या भाचीला मी 'उदयकाल'ची गोष्ट सांगितली. ती इंग्रजी माध्यमातली, हुशार. 'वळू' तिने चुटकीसरशी सोडवला होता. तिने शांतपणे विचारलं, "पण मामा, उदयकालमध्ये लपवण्यासारखं काय आहे? सनराइजच ना?" नव्वद-पंच्याण्णव वर्षांपूर्वी गच्च भरलेल्या थेटरात जो अर्थ कुणालाही सांगावा लागला नसता, तो तिला समजावायला मला मिठाच्या सत्याग्रहापासून सुरुवात करावी लागली, आणि तोरणा तोरणाशी जोडून दिल्यावर तिचा चेहरा उजळला तो अर्ध्या तासाने. काका मध्येच म्हणाले, "तिला बी एक फडातलं शिकवा की." मी एक घातलं. अजून तिला सुटलेलं नाही, रोज फोनवर चुकीची उत्तरं येतात. १९७९ चा मराठी सिनेमा, संधी जरा जपून फोडा:

वनराजाची बैठक, मुख्यमंत्र्यांना सोडवेना (४).