गोदाकाठ आणि सॅव्हॉय : शेजारधर्माचा एक धडा

छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरकडे जाणारी गाडी कायगाव टोक्याच्या पुलावर आली की, खिडकीतून अनेक हात नदीला जोडले जातात. प्रवरा येथे गोदावरीला मिळते. पूल ओलांडायला दोन मिनिटे पुरतात. परंतु आपल्या पणजोबांच्या काळी याच पात्रात एक राज्य संपत असे आणि दुसरे सुरू होत असे. उत्तरेला निजामाची हैदराबाद रियासत, दक्षिणेला मुंबई इलाख्यातील अहमदनगर जिल्हा. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार रुपया. इकडे दफ्तर उर्दूत आणि साल फसली, तिकडचा कारभार इंग्रजी आणि मराठीत. माल सीमेपार न्यायचा तर करोडगिरीची जकात भरावी लागे. मात्र मुली द्यायच्या-घ्यायच्या, बाजार करायचा, दुष्काळात पोट भरायला जायचे, हे सारे व्यवहार सीमेला न जुमानता चालूच असत.

ख्रिस्तसभेच्या नकाशानेही बव्हंशी याच नदीची रेघ मानली. दक्षिणेकडील नगरच्या मुलखात पुणे धर्मप्रांताचे जर्मन येशूसंघीय धर्मगुरू काम करीत. उत्तरेकडील मराठवाडा १८८७ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांताकडे होता. तेथे आले ते संत फ्रान्सिस डी सेल्सच्या मिशनरी संस्थेचे फादर. घोगरगावचे नाव घेतले की फादर गुरियन जाकिये आठवतात, ते याच संस्थेचे. पुढे १९५५ मध्ये अमरावती आणि १९७७ मध्ये औरंगाबाद असे धर्मप्रांत वेगळे झाले. आपल्या शहरातील कॅथेड्रल आजही संत फ्रान्सिस डी सेल्सच्याच नावाने ओळखले जाते.

या संतांचा आणि त्या फादरांचा मूळ मुलूखही सीमेवरचा होता, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. फादर पीटर मर्मिए यांनी १८३८ मध्ये ही संस्था स्थापन केली ती आनसी या गावी, सॅव्हॉय प्रांतात. आनसीपासून जिनिव्हा फार दूर नाही. पण दोहोंमध्ये वैर जुने. संत फ्रान्सिस १६०२ मध्ये जिनिव्हाचे बिशप झाले, तरी आपल्याच धर्मपीठाच्या शहरात त्यांना राहता आले नाही. जिनिव्हा तेव्हा कॅल्विनपंथीयांच्या हाती होते. बिशपांचे वास्तव्य आनसीतच राहिले. त्यांच्या अभिषेकाला आठवडाही उलटला नव्हता, तोच त्याच डिसेंबरात सॅव्हॉयच्या ड्यूकच्या सैन्याने रात्रीच्या अंधारात शिड्या लावून जिनिव्हाच्या तटावर चढाई केली. ती फसली. त्या रात्रीची आठवण जिनिव्हाचे नागरिक अजूनही दरवर्षी साजरी करतात. १६०३ मध्ये सां-ज्युलियाँ या सीमेलगतच्या गावी तह झाला आणि लढाई थांबली. शेजार मात्र अबोल्याचाच राहिला. १८६० मध्ये सॅव्हॉय फ्रान्समध्ये गेले आणि सीमा दोन देशांची झाली.

त्या दोन शेजाऱ्यांना एका मेजाशी बसवले ते पाण्याने.

माँ ब्लाँ पर्वताकडून येणारी आर्व्ह नदी फ्रान्समधून वाहत जिनिव्हापाशी ऱ्होन नदीला मिळते. तिचे पाणी मुरून त्या परिसरात जमिनीखाली मोठा साठा तयार झाला आहे. वर सीमा आहे, खाली नाही. दोन्ही देशांच्या विहिरी एकाच साठ्यातून पाणी ओढत. १९६० नंतर उपसा इतका वाढला की, भूजलाची पातळी सुमारे सात मीटर खाली गेली आणि साठ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा आटला. जिनिव्हाच्या तज्ज्ञांनी उपाय सुचवला तो असा : आर्व्हचे पाणी गाळून पुन्हा जमिनीत मुरवायचे. पण एकाने पैसा घालून पाणी मुरवावे आणि दुसऱ्याने ते फुकट उपसावे, हे कसे चालणार?

वर्षानुवर्षे वाटाघाटी चालल्या. अखेर ९ जून १९७८ रोजी जिनिव्हा राज्याने आनसीला मुख्यालय असलेल्या ओत-साव्वा जिल्ह्याच्या प्रीफेक्टशी, म्हणजे तेथील सर्वोच्च शासकीय अधिकाऱ्याशी, तीस वर्षांचा करार केला. दोन्ही बाजूंचे तीन-तीन सदस्य असलेली समिती नेमली गेली आणि तिच्यात पाण्याचे जाणकार असणे बंधनकारक ठरले. प्रत्येक विहिरीला मोजणी-यंत्र बसले. फ्रेंच गावांना वर्षाला ५० लाख घनमीटरपर्यंत पाण्याचा हक्क मिळाला. त्यातील २० लाखांवर पुनर्भरणाचा आकार नाही. त्यापुढील उपशाच्या प्रमाणात त्यांनी खर्चात वाटा उचलायचा. व्हेसी येथील पुनर्भरण केंद्र १९८० मध्ये सुरू झाले आणि पातळी सावरू लागली.

करार संपत आला तेव्हा, १८ डिसेंबर २००७ रोजी, नवा करार झाला. या वेळी फ्रान्सच्या बाजूने सह्या केल्या त्या स्थानिक संस्थांनी : आनमास परिसराचा नगरसमूह, जनव्हा परिसराचा ग्रामसमूह आणि व्हिरी हे गाव. त्या ग्रामसमूहाचे केंद्र म्हणजे तेच सां-ज्युलियाँ. जेथे चारशे वर्षांपूर्वी तलवारी म्यान झाल्या, तेथील लोकप्रतिनिधी आता शेजाऱ्याबरोबर घनमीटरांचा हिशेब ठेवतात.

हे सारे सांगण्याचे कारण आपल्या दारातच आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये गोदावरीचे दोन्ही काठ एकाच महाराष्ट्रात नांदू लागले. जुनी सीमा पुसली गेली. १९६५ मध्ये पायाभरणी झालेले जायकवाडी धरण १९७६ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. त्याचा उपयुक्त साठा ७६.६५ टीएमसी. आपल्या शहराची तहान त्याच नाथसागरावर भागते. वरच्या अंगाला गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा ही धरणे. पाऊस कमी पडला की, पुसलेली सीमा पुन्हा उमटते : वरचे विरुद्ध खालचे.

२००५ च्या कायद्याने खोऱ्यातील टंचाई सर्वांनी समन्यायाने वाटून घ्यावी, असे तत्त्व घातले. २०१४ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने आदेश दिला की, १५ ऑक्टोबरला जायकवाडीतील उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडावे. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश उचलून धरला. २०१५, २०१८ आणि २०२३ मध्ये पाणी सोडण्याचे आदेश निघाले. २०२३ चा आदेश सुमारे ८.६ टीएमसीचा होता. पण दर वेळी मोर्चे, अर्ज आणि बंदोबस्त. राज्य एक, खोरे एक, पाटबंधारे महामंडळही एक. तरी पाणी येते ते हुकमाने.

जिनिव्हाचे उदाहरण जसेच्या तसे लागू पडणार नाही, हे उघड आहे. तेथील उपसा अगदी शिगेला असतानाही वर्षाला अर्ध्या टीएमसीच्या आसपास होता. ती शहरे श्रीमंत आहेत आणि शेजारी विशाल सरोवर आहे. आपल्याकडे उसाची शेती आहे, कोरड्या पात्रात जिरणारे पाणी आहे आणि वरच्या शेतकऱ्याचे पोटही त्याच पाण्यावर आहे. त्याची भीती खोटी नाही. तरीही एक गोष्ट घेण्याजोगी आहे. त्यांनी मैत्रीची वाट पाहिली नाही. आधी मापे बसवली, खर्चाचा वाटा ठरवला, तंटा नसतानाही समितीत बसले. विश्वास मागून आला.

दर सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे गोदावरी ओलांडून जातात. मुक्काम होतो तो आत्याकडे, मावशीकडे, दिलेल्या लेकीकडे. त्याच दिवसांत दोन्ही काठांची माणसे सकाळी उठून धरणांच्या साठ्याचे आकडे वाचत असतात. यात्रेच्या त्या ओसरीवर, एकाच ताटात भाकरी मोडताना, ते आकडे दोघांनी मिळून एकदा वाचायला हवेत.