खेळ म्हणावे तरी कशाला?

गेल्या डिसेंबरची गोष्ट. शाळेच्या वार्षिक क्रीडा महोत्सवाला दोन दिवस उरले होते आणि मी बक्षिसांच्या यादीवर सह्या करीत बसलो होतो. नववीतल्या दोन मुली परवानगी मागून आत आल्या. एक आमच्या लेझीम पथकाची प्रमुख, दुसरी दोरीचा मल्लखांब करणारी. दोघींची तक्रार एकच होती. कबड्डी, खो-खो, धावणे, उंच उडी, या सगळ्यांची नावे यादीत होती, त्यांची मात्र नव्हती. लेझीम आणि मल्लखांब उद्घाटनाच्या पानावर ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ या सदरात छापले होते.

मी नेहमीचे उत्तर दिले. ज्यात हारजीत असते तो खेळ, तुमचे ते प्रात्यक्षिक. त्यावर लेझीमवाली म्हणाली, “म्हणजे सर, दुसऱ्यांच्या खेळाआधी आम्ही नुसतं नाचायचं? आयपीएलमधल्या त्या चिअरलीडर मुलींसारखं?” दुसरी हळूच म्हणाली, “सर, चिअरलीडिंगलासुद्धा आता ऑलिंपिकवाल्यांनी खेळ मानलंय.”

मी इतिहासाचा एम.ए. मुलांना सनावळ्या शिकवण्यात उमेदीची वर्षे गेली. पण या प्रश्नाला त्या क्षणी माझ्यापाशी उत्तर नव्हते. संध्याकाळी केलगेरीला घरी आलो, चहा घेतला आणि जुनी पुस्तके काढून बसलो. त्या वाचनातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो आहे.

आधी चिअरलीडिंगचेच पाहू. आपल्याकडे बहुतेकांनी हा प्रकार प्रथम पाहिला तो २००८ साली, आयपीएलच्या पहिल्या हंगामात. आपल्या बेंगळूरच्या संघाने तर अमेरिकेतल्या वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाच्या मुलीच आणल्या होत्या. चौकार गेला की उड्या मारायच्या, गडी बाद झाला की हात हलवायचे, एवढेच आपण पाहिले. त्यांच्या कपड्यांवरून बरीच ओरड झाली, पण त्यांच्या कसरतीबद्दल कोणी शब्द काढला नाही.

या प्रकाराचा उगम मात्र मुलींचा नव्हे, मुलांचा आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचा फुटबॉल संघ सारखा हरत होता. २ नोव्हेंबर १८९८ रोजी जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांपुढे उभा राहिला आणि त्याने सर्वांकडून एकसुरात घोषणा म्हणवून घेतल्या. हीच चिअरलीडिंगची सुरुवात मानतात. पुढची दोन-अडीच दशके हे काम मुलेच करीत. मुली त्यात १९२० नंतर येऊ लागल्या आणि दुसऱ्या महायुद्धात तरुण लढाईवर गेल्यावर त्यांची संख्या वाढली. हळूहळू घोषणांच्या जोडीला कोलांट्या आल्या, खांद्यावर उभे राहून रचलेले मनोरे आले, आणि मग या पथकांच्या आपापसात स्पर्धा होऊ लागल्या. आता तिथे दोन वेगळे प्रकार आहेत. एक सामन्याच्या कडेला उभे राहून प्रेक्षकांना चेतवणारा, तर दुसरा परीक्षकांपुढे गुणांसाठी झुंजणारा. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्यांच्या जागतिक संघटनेला २०१६ साली तात्पुरती आणि २०२१ साली पूर्ण मान्यता दिली. मान्यता मिळाली म्हणजे ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला असे नव्हे, पण माझी विद्यार्थिनी चुकीचे बोलत नव्हती.

याच प्रश्नावर अमेरिकेत एक खटला झाला. कनेक्टिकट राज्यातल्या क्विनिपिॲक विद्यापीठाने २००९ साली खर्च वाचवण्यासाठी मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करायचे ठरवले आणि त्याऐवजी स्पर्धात्मक चिअरलीडिंगचा संघ उभा केला. तिथल्या कायद्याप्रमाणे मुलामुलींना खेळाची समान संधी द्यावी लागते, आणि चिअरलीडिंगच्या मुली मोजल्या की आकडा जमत होता. व्हॉलीबॉलच्या मुली आणि त्यांच्या प्रशिक्षक बाई न्यायालयात गेल्या. जुलै २०१० मध्ये न्यायाधीश स्टीफन अंडरहिल यांनी निकाल दिला, की चिअरलीडिंग पुढे खेळ ठरू शकेल, पण आज त्याचे नियम आणि स्पर्धांची घडी इतकी बसलेली नाही की या कायद्यासाठी त्याला खेळ म्हणून मोजावे. वरच्या न्यायालयानेही २०१२ साली हाच निकाल कायम केला.

हे वाचून मी थबकलो. एका गटाला ‘खेळाडू’ म्हटल्याने दुसऱ्या गटाच्या मैदानावर गदा येऊ शकते, हा विचार माझ्या मनात आला नव्हता. पण त्याच २०१२ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नेमके उलट मत दिले. शाळा-महाविद्यालयांतल्या मुलींना होणाऱ्या अत्यंत गंभीर क्रीडा-दुखापतींपैकी निम्म्याहून जास्त चिअरलीडिंगमध्ये होतात, म्हणून त्याला खेळ म्हणा, असे त्यांचे सांगणे होते. कारण खेळ म्हटले की शिकलेला प्रशिक्षक येतो, गादी येते, वैद्यकीय तपासणी येते आणि सरावाचे नियम येतात. कार्यक्रम म्हटले की यातले काहीच बंधनकारक राहत नाही. दोन्ही बाजू मुलींच्या हिताच्याच होत्या.

आता आपल्या घरात येऊ. चिअरलीडिंग जसे फुटबॉलच्या कडेला जन्मले, तसा आपला मल्लखांब कुस्तीच्या कडेला जन्मला. नावातच मल्ल आहे. आमच्या केलगेरीत तालमीला गरडी म्हणतात आणि मल्लखांबाला मल्लकंब. खांब काय अन् कंब काय, लाकूड एकच. त्याचा सर्वांत जुना उल्लेख सापडतो तो ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला हा ग्रंथ कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचला. ही कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. त्या ग्रंथात मल्लांच्या व्यायामांत ‘स्तंभश्रम’ सांगितला आहे. आमचा धारवाडचा मुलूखही त्याच चालुक्यांच्या राज्यातला. तेव्हा मल्लखांब मराठी की कन्नड, हा वाद घालणाऱ्याने आधी सोमेश्वराला विचारावे!

पुढे कित्येक शतके या विद्येचा मागमूस लागत नाही. ती पुन्हा उजेडात आणली दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी. त्यांची आख्यायिका प्रसिद्ध आहे. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्यास आले आणि त्यांनी दरबाराला आव्हान दिले. कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी ते स्वीकारले, वणीच्या सप्तशृंगीची आराधना केली, आणि मारुतीने त्यांना लाकडाच्या खांबावर डाव शिकवले. मग त्यांनी अलीला चीत केले आणि गुलाबाने न लढताच पाय काढला. आख्यायिकेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. खांब हा निर्जीव जोडीदार होता. अढी, बगली, दसरंग हे सारे कुस्तीत अंग चपळ व्हावे, मांड घट्ट बसावी म्हणून होते. खांबावर जिंकायचे कोणाला? जिंकायचे ते आखाड्यात.

हा जोडधंदा स्वतंत्र कसा झाला, याची वाट विसाव्या शतकात दिसते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेले आणि तिथे त्याने भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके केली. त्यात मल्लखांब होता, तशी कबड्डीही होती. म्हणजे आज जिच्याबद्दल कोणाला शंका येत नाही ती कबड्डीसुद्धा तेव्हा परक्या देशात ‘प्रात्यक्षिक’च होती. तिला आशियाई स्पर्धांत पदक मिळायला १९९० साल उजाडावे लागले.

मल्लखांबाचे तर दोनदा हिंदकळले. १९६२ साली ग्वाल्हेरला राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत त्याला जागा मिळाली, पण काही वर्षांनी तो तिथून गळला. पाहुण्याच्या घरात किती दिवस राहणार? तेव्हा १९८१ साली उज्जैनला मल्लखांबाची स्वतःची राष्ट्रीय स्पर्धा भरली आणि स्वतःचा महासंघ स्थापन झाला. कौशल्य किती अवघड, त्यांची जोडणी कशी, सफाई किती, याचे गुण ठरले. पुरलेला, टांगता आणि दोरीचा, असे प्रकार ठरले. २०१३ साली मध्य प्रदेशाने त्याला राज्यक्रीडा केले. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईला पहिली जागतिक स्पर्धा झाली. पुढच्याच वर्षी प्रशिक्षक योगेश मालवीय यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, आणि २०२२ साली गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत मल्लखांबाची पदके दिली गेली. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. मल्लखांब तोच होता, खांबाला लावायचे एरंडेल तेच होते. फरक एवढाच पडला, की खांबावर चढणारा आता कुस्तीसाठी चढत नव्हता, शेजारच्या खांबावरच्या गड्याशी बरोबरी करण्यासाठी चढत होता.

मग लेझीम? तीही अशीच दुसऱ्या कशाच्या तरी तयारीतून आलेली. लेझीम हा शब्द मूळचा फारसी. सरावासाठी वापरायचे लवचिक धनुष्य असा त्याचा अर्थ. दोरीच्या जागी साखळी आली आणि तालमीत दंड-छाती कमावण्याचे ते साधन झाले. बडोद्याचे प्रो. माणिकराव यांनी सांघिक व्यायामाची कवायत बसवली आणि तिच्या आज्ञा इंग्रजीऐवजी देशी भाषेत दिल्या. ही शिस्त पुढे शाळाशाळांत पोहोचली. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. मी शाळेत असताना आमचे ड्रिल मास्तर त्याच काळात तयार झालेले होते. घरी कन्नड बोलत, मैदानावर आज्ञा मराठीत देत, आणि ताल चुकला की दोन्ही भाषांत रागवत. त्यांच्या हाताखाली तासभर लेझीम केली की दुसऱ्या दिवशी मांड्या धरून जिना उतरावा लागे. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या उद्घाटनात लेझीम झाली, तेव्हा मास्तरांचा चेहरा कसा फुलला होता ते मला आजही आठवते. पण लेझीम उद्घाटनातच राहिली. कबड्डी आणि मल्लखांब ज्या दारातून आत गेले त्या दारापाशी ती ताशाच्या तालावर उभीच आहे.

एवढे वाचल्यावर माझ्या मनाशी एक गोष्ट स्पष्ट झाली. अंगमेहनत किती, यावरून खेळ ठरत नाही. तसे असते तर ऊसतोडणीलाच पहिले पदक द्यावे लागेल. पाहणाऱ्याला आनंद होतो की नाही, यावरूनही ठरत नाही. जी कसरत दुसऱ्याच्या सामन्याची शोभा म्हणून होते ती खेळ नव्हे. तीच कसरत करणारे जेव्हा ठरलेल्या नियमांनी एकमेकांशी सामना करतात, तेव्हा ती खेळ होते. म्हणून सामन्याच्या कडेला होणारे चिअरलीडिंग खेळ नाही आणि स्पर्धेतले चिअरलीडिंग खेळ आहे. मुली त्याच असल्या तरी.

पण यापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट मला त्या बालरोगतज्ज्ञांनी शिकवली. आदल्या वर्षी सरावाच्या वेळी आमच्याकडची एक मुलगी दोरीवरून निसटून पडली होती. मनगटावर निभावले. तेव्हा खाली गादी नव्हती, कारण शाळेच्या गाद्या उंच उडीसाठी, म्हणजे ‘खेळासाठी’, राखून ठेवलेल्या होत्या. तो हिशेब माझ्याच सहीचा होता. यादीतल्या एका शब्दाचा अर्थ एवढा मोठा असतो, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी मी दोघींना बोलावले. मल्लखांबाचे नाव क्रीडा विभागात घातले आणि जवळपास स्पर्धा असेल तिथे पाठवण्याचे कबूल केले. गदग, बागलकोटकडे आपल्या राज्यातही मुले मल्लखांब करतात, तेव्हा बरोबरी करायला कोणी नाही अशी स्थिती नाही. लेझीमवालीला मी म्हटले, “तुमचीही स्पर्धा लावू का? गुण द्यायचे, पहिला-दुसरा नंबर काढायचा?” ती मैत्रिणींशी बोलून येते म्हणाली. मधल्या सुट्टीत परत आली. “नको सर. आम्ही चाळीसजणी आहोत. नंबर काढला तर पुढच्या रांगेत कोण, यावरूनच भांडणं होतील. पण आम्हाला कार्यक्रमात टाकू नका.”

मी पान पुन्हा छापून घेतले. ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ खोडून तिथे माणिकरावांचा शब्द घातला, ‘सांघिक व्यायाम’. सरावाला वेगळा तास दिला, बूट घेतले, गाद्या सगळ्यांच्या केल्या. त्या मुलींना दिलेल्या प्रमाणपत्रावरही हाच शब्द आहे. उद्या एखाद्या खिडकीवरचा कारकून ते परत करील आणि ‘हे खेळाचे नाही’ म्हणेल. त्याचे म्हणणे नियमाप्रमाणे बरोबरच असेल. हे मी मुलींना आधीच सांगितले आहे. प्रमुख म्हणाली, “चालेल सर. नाव तरी आमचं आहे.”

या डिसेंबरात पुन्हा महोत्सव आहे. मल्लखांबवाली आता दहावीत गेली, पण तिने सातवीतल्या तिघींना दोरीवर चढवले आहे. खाली गादी घातली आहे की नाही, हे मी रोज जाताना एकदा पाहतो.