घरची दारू, विकतची दारू



मथळा ऐकून कोणी दचकू नये. आजच्या भाषणातील दारू पेल्यातली नव्हे, बंदुकीतली आहे. शिकारीचा शौक असलेल्या गृहस्थांत एक जुना वाद चालत आलेला आहे. बारा बोअरच्या बंदुकीचे उडविलेले काडतूस फेकून न देता त्याच्या नळकांड्यात घरीच नवी टोपी, दारू आणि छर्रे भरावेत, की दुकानातून तयार काडतुसे आणावीत? एक पक्ष म्हणतो, घरी भरले की पैसा वाचतो. दुसरा म्हणतो, साहित्य, वेळ आणि फुसके गेलेले बार हिशेबात धरा, म्हणजे ती बचत कोठल्या कोठे नाहीशी होते. आता १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये दारूगोळा बाळगण्यास आणि बनविण्यास परवाना लागतो, तेव्हा या वादाचा व्यावहारिक भाग पुष्कळसा निकालात निघाला आहे. परंतु ज्याने जन्मभर मुलांना इतिहास शिकविला, त्याला हा वाद ऐकताना दुसरेच काही आठवते. दारूगोळा घरी करावा की विकत घ्यावा, हा प्रश्न दीडशे वर्षे मराठी राज्यापुढे उभा होता. आणि त्याचे उत्तर केवळ रुपये-आण्यांत देता येण्यासारखे नव्हते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की तयार काडतूस ही अलीकडची वस्तू आहे. तत्पूर्वी प्रत्येक बार घरचाच असे. आमच्या गेवराई भागात गोदाकाठच्या शेतांची राखण करणाऱ्या जुन्या माणसांजवळ ठासणीची बंदूक असे. नळीत मापाने दारू ओतावयाची, वरून चिंधीचा बोळा गजाने ठासावयाचा, मग छर्रे, पुन्हा बोळा. माप चुकले तर बार फुसका जाई, नाही तर नळी फुटे. ‘बारा बोअर’ हे नावसुद्धा त्याच युगातले आहे. नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या गोळ्या एका पौंडात बारा होतील तर ती बंदूक बारा बोअरची. म्हणजे घरी शिसे वितळवून गोळ्या ओतणाऱ्यांनी ठरविलेले हे माप आहे. कागदी पुडीत दारू आणि गोळी एकत्र बांधून देण्याची रीत पुढे सैन्यात आली. तिची ओंगणाची एक पुडी दातांनी तोडण्यावरून १८५७ साली काय आग भडकली, ते सर्वांना विदित आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. १६६० साली शिवाजी महाराज पन्हाळगडावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले असता राजापूरच्या वखारीतील इंग्रज व्यापारी आपली तोफ आणि दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीस आले आणि गडावर मारा करू लागले. रेव्हिंग्टन हा त्यांचा मुख्य. माल विकणारा हा केवळ विकणारा राहत नाही, वेळ आली की तो पक्ष घेतो, हा अनुभव महाराजांनी गडाच्या तटावरून घेतला. पुढच्याच वर्षी राजापूरची वखार लुटली गेली आणि रेव्हिंग्टनादी मंडळी कैदेत पडली. त्या लुटीच्या भरपाईचे रडगाणे इंग्रज थेट १६७४ च्या तहापर्यंत गात होते. आणि महाराजांनी तोफा मागितल्या की मात्र त्यांना मोगलांची भीती आठवे. तेव्हा फ्रेंचांकडून, पोर्तुगिजांकडून, जेथून मिळेल तेथून माल घ्यावा लागे. गरज पडली म्हणजे किंमत विचारण्याची सोय उरत नाही.

मग घरीच सारे का केले नाही? कोणी म्हणेल, आपला हात जगन्नाथ. पण हाताला सामान हवे. बंदुकीच्या दारूत सुमारे पाऊण भाग सोरा असतो. उरलेल्या पाव भागात कोळसा आणि गंधक. कोळसा कोठेही पाडता येतो. गंधक या देशात फारसा सापडत नाही, तो समुद्रमार्गे येई. शिशाचीही तीच गत. राहिला सोरा. जुन्या भिंतींच्या पायथ्याशी आणि गोठ्यांच्या मातीत तो पांढऱ्या बुरशीसारखा फुलतो. ती माती खरवडून पाण्यात कालवावयाची, पाणी गाळावयाचे, आटवावयाचे आणि थंड होऊन स्फटिक धरू द्यावयाचे. थोडाफार सोरा दक्षिणेतही निघे. परंतु त्याचे खरे भांडार बिहारात, पाटण्याच्या आसपास होते. आणि प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ साली, त्या सोऱ्याचा मक्ता इंग्रज कंपनीने मीर जाफरकडून पदरात पाडून घेतला. शाळेतल्या पुस्तकांत प्लासीच्या खाली नजराणे, क्लाइव्हची जहागीर हे सगळे असते. सोऱ्याचा मक्ता सहसा नसतो. माझ्या मते तो पहिल्या ओळीत असावयास हवा. ज्याच्या हाती सोरा, त्याला दारू स्वस्त. बाकीच्यांनी घरी केली तरी ती महागच.

शिवाय केलेली दारू टिकवावी लागते. सोरा नीट शुद्ध केलेला नसला तर त्यातील मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि दारू सर्द होते. नुसती कुटून केलेली भुकटी गाड्यांच्या हादऱ्यांनी वेगळी होते, जड भाग खाली आणि हलका वर. युरोपात ओल्या दारूचे दाणे पाडून हा दोष पुष्कळ अंशी काढून टाकला होता. आपल्याकडे याची जाणीव नव्हती असे मात्र कोणी समजू नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखान्याविषयी फार बारकाईने लिहिलेले आहे. तो वस्तीच्या घरांपासून दूर असावा, त्यास ओल लागू नये, आणि ठरावीक दिवसांनी हवालदाराने स्वतः जाऊन दारू बाहेर काढवावी, उन्हात वाळवावी व पुन्हा मुद्रा करून ठेवावी. कोकणात आणि घाटमाथ्यावर चार महिने पाऊस कोसळतो. तेथे हे दर पंधरवड्याचे वाळवण किती मनुष्यबळ खात असेल, याचा विचार करावा. हा खर्च कोणत्याही जमाखर्चात ‘दारूची किंमत’ म्हणून लिहिला जात नाही, पण तो किमतीतच मोडतो.

ओतकामाची विद्या मात्र आपल्या भागात जुनी होती. विजापूरच्या बुरुजावरील सुप्रसिद्ध मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, ओतली गेली. ओतणारा मुहंमद बिन हुसेन रूमी हा तुर्की कारागीर होता, हे नावावरूनच दिसते. कारागीर बाहेरचा आणि भट्टी आपली, ही चाल येथपासूनच पडलेली आहे. पेशवाईत तोफखान्याची सरदारी पानशांकडे होती. सासवडजवळ सोनोरीचा मल्हारगड त्यांनीच बांधला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत ओतूरकडे आंबेगव्हाण येथे तोफेचे गोळे करण्याचा कारखाना चालविला गेला.

माधवरावांचे नाव निघाले की आम्हां गेवराईकरांना राक्षसभुवन आठवल्याशिवाय राहत नाही. आमच्याच तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर, १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे निजामअलीच्या सैन्याचा मोड झाला. निजाम निम्म्या फौजेनिशी पलीकडे उतरला होता, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे राहिला होता आणि मध्ये नदी दुथडी भरून वाहत होती. विठ्ठल सुंदर त्या दिवशी पडला. पुढे औरंगाबादच्या तहाने ब्याऐंशी लक्षांचा मुलूख पेशव्यांना मिळाला. माधवराव त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे होते. ती लढाई जिंकली नदीच्या पुराने, घोडदळाच्या वेगाने आणि जानोजी भोसल्यांना निजामाच्या पक्षातून फोडणाऱ्या मुत्सद्देगिरीने. दारूगोळ्याच्या जोरावर जिंकली असे म्हणता येत नाही. कदाचित म्हणूनच अशा विजयांनी घोड्यावरचा भरवसा वाढविला आणि कारखान्यांकडे पाहण्याची निकड कमी केली. हे माझे अनुमान आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी जरूर वाद घालावा.

ती निकड केव्हा दिसली, हे पाहावयाचे तर धारवाडास जावे लागेल. १७९० साली टिपूविरुद्ध मराठे आणि इंग्रज एकत्र झाले आणि परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडास वेढा घातला. सोबत कॅप्टन लिटल यांची इंग्रजी पलटणे होती. त्यांतील मूर नावाच्या तरुण अधिकाऱ्याने पुढे या मोहिमेवर पुस्तक लिहिले आणि मराठी तोफांच्या संथपणाची पुष्कळ थट्टा केली. एक तोफ भरली की मंडळी बसतात, गप्पा मारतात, तंबाखू ओढतात आणि मग केव्हा तरी बत्ती देतात, असा त्याच्या वर्णनाचा मथितार्थ आहे. परकीयाच्या थट्टेतून थोडे वजा करून घ्यावे हे खरे. तथापि वेढा सहा महिन्यांहून अधिक लांबला आणि एप्रिल १७९१ च्या सुमारास एकदाचा किल्ला हाती आला. ज्याची दारू मोजकी आहे आणि दूरवरून यावयाची आहे, तो गोलंदाज आळशी नसला तरी संथ होतोच. घणाने ठोकून केलेला लोखंडी गोळा तोफेच्या तोंडात सैल बसला की अर्धी दारू बाजूने निसटून वाया जाते. म्हणजे स्वस्त गोळा महाग दारू खातो. काडतुसे घरी भरणाऱ्यांनाही हा अनुभव असेल.

याच्या उलट चित्र उत्तरेत होते. महादजी शिंद्यांनी द बॉईन या सॅव्हॉयच्या सेनानीकडून कवायती पलटणे उभी करविली आणि १७९० साली पाटण व मेडत्याच्या लढाया जिंकल्या. त्या पलटणांना हत्यारे पुरविण्यासाठी आग्र्यास कारखाना निघाला. त्याचा प्रमुख सँगस्टर नावाचा स्कॉटिश गृहस्थ. तोफा तर तो उत्तम ओतीच; पण त्याच्या कारखान्यात विलायती नमुन्याच्या तोडीची बंदूक अवघ्या दहा रुपयांत तयार होई, असे त्या काळच्या युरोपीय लोकांचा वृत्तांत लिहिणाऱ्यांनी नमूद केले आहे. घरी करणे परवडते की नाही, या प्रश्नाचे मराठी इतिहासातील सर्वांत ठाम उत्तर कोणते, तर हे दहा रुपये.

त्या मालाची परीक्षाही झाली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईस, आमच्या उत्तरेस शेजारच्या जालना जिल्ह्यात, शिंद्यांच्या तोफा इंग्रजांवर चालल्या. वेलस्ली जिंकला, परंतु त्याच्या लहानशा फौजेतील दीड हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. नेपोलियनला हरविल्यावरही तो असईची लढाई विसरला नव्हता. हाती लागलेल्या नव्वदांहून अधिक तोफा पाहून इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांच्या घडणीची वाखाणणी केली. तेव्हा माल हलका होता म्हणून पराभव झाला, हे म्हणणे टिकत नाही.

मग कमी कोठे पडले? ऑगस्ट १८०३ मध्ये कंपनी सरकारने जाहीरनामा काढला, की शिंद्यांच्या चाकरीतील इंग्रज व इतर युरोपीय अधिकारी नोकरी सोडून येतील तर त्यांच्या पोटाची व्यवस्था केली जाईल. पुष्कळजण निघून गेले. द बॉईनच्या जागी आलेला पेराँ सप्टेंबरच्या आरंभीच लॉर्ड लेकच्या स्वाधीन झाला. अलीगड पडले, ऑक्टोबरात आग्राही गेले आणि तेथील कारखाना, भट्ट्या, साठा सर्व परक्यांच्या हाती पडले. बंदूक दहा रुपयांत घरी होत होती खरी. पण ती करविणारी डोकी आणि लढविणारे अधिकारी दोन्ही भाड्याचे होते. निजामाचीही तीच कथा. रेमंड या फ्रेंच सरदाराने हैदराबादेस तोफांची ओतशाळा काढली, त्या मोहल्ल्यास आजही ‘गनफाउंड्री’ म्हणतात. पण १७९८ साली रेमंड वारला आणि त्याच वर्षी त्याची फ्रेंच फौज इंग्रजांनी मोडून टाकली.

तिकडे मुंबईत इंग्रजांनी माझगावास दारूचा कारखाना घातला होता. तेथील एका रस्त्याचे नाव अद्याप गनपावडर रोड असेच आहे. सोरा त्यांचाच, जहाजे त्यांचीच आणि कारखान्याचा अधिकारीही त्यांच्याच पगारावरचा. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीस पेशव्यांची इंग्रजांशी लढाई झाली. बावन्न वर्षांनी, १८६९ साली, त्याच खडकीत इंग्रजांनी दारूगोळ्याचा कारखाना उभारला. १९४७ साली तो आपल्याकडे आला, २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे, आणि परवानाधारकांच्या बारा बोअर बंदुकांची काडतुसेही तेथे तयार झालेली आहेत.