छत, कौल आणि ध्वनी : कसाल परिसरातील घरे व होम थिएटरमधील छताच्या स्पीकरची निवड – एक ऐतिहासिक विवेचन

प्रास्ताविक

मुंबई–गोवा महामार्गावरून मालवणकडे जाणारा रस्ता जेथे फुटतो, ते कसाल हे कुडाळ तालुक्यातील गाव. जिल्ह्याचे मुख्यालय असलेले ओरोस येथून अगदी जवळ आहे. महामार्गालगतची स्लॅबची घरे आणि आत वाडीत शिरताच दिसणारी चिरेबंदी, कौलारू घरे असे दोन काळ येथे शेजारी शेजारी नांदतात. होम थिएटर बसविताना दोन्ही प्रकारच्या घरांत एकच प्रश्न उपस्थित होतो : छतात कोणता स्पीकर बसवावा? वरवर पाहता हा खरेदीचा प्रश्न आहे. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, तो प्रथमतः छताच्या इतिहासाचा प्रश्न आहे. छतात बसणारा स्पीकर सपाट, बंदिस्त आणि वर पोकळी असलेले छत गृहीत धरतो. कोकणातील घराला असे छत फार उशिरा लाभले.

कौलारू घराचे ध्वनिस्वरूप

येथील जुनी घरे गवताने किंवा माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली असत. ज्यांना परवडे त्यांच्या घरावर कुंभाराने घडविलेली नळ्यांची कौले येत. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. यंत्रावर दाबून तयार केलेले, खाचेने एकमेकांत अडकणारे हे चपटे कौल पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरले आणि पुढे कोठेही तयार झाले तरी 'मंगलोरी' म्हणूनच ओळखले गेले.

या छपराचा ध्वनीशी असलेला संबंध फारसा अभ्यासिला गेलेला नाही, हे खेदाने नमूद करावेसे वाटते. आढ्यापासून पागोळ्यांपर्यंत उतरत येणारी दोन पाखी, त्यांखाली वासे आणि रिपा, व त्यांवर नुसती टेकविलेली कौले, अशी ही रचना. कौलांच्या फटींतून हवा खेळते, तसाच आवाजाचा काही अंश बाहेर निघून जातो. पाखी तिरपी असल्याने त्यांवर आदळलेला ध्वनी सरळ खाली परतत नाही. याउलट स्लॅब आणि फरशी हे दोन कठीण, समांतर पृष्ठभाग असतात. त्यांच्यामध्ये टाळी वाजविली असता आवाज वरखाली आपटत राहून थरथरता प्रतिध्वनी निर्माण होतो. माजघरावर फळ्यांची तक्तपोशी असेल, तर तिच्यामुळे काही खालचे स्वर शोषले जातात.

शिवाय पाऊस आहे. या जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात कौलारू छप्पर हाच एक अखंड वाजणारा स्पीकर असतो. चित्रपटातील पावसाचा आवाज वरून ऐकू यावा म्हणून आषाढात हजारो रुपये खर्च करणाऱ्याने एवढे तरी लक्षात घ्यावे.

वरून येणारा ध्वनी

छत आणि श्रवण यांचे नाते आपल्या परंपरेला अपरिचित नव्हते. नाट्यमंडप पर्वतातील गुहेसारखा, वारा न खेळणारा असावा, म्हणजे नटाचा स्वर गंभीर उमटतो, असे भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितले आहे. पण तेथेही स्वराचा उगम रंगपीठावरच आहे. छत केवळ त्याला आधार देते. जत्रेतील दशावताराचे तसेच आहे. पात्रे, हार्मोनियम, मृदंग आणि झांज हे सारे प्रेक्षकाच्या समोर व त्याच्याच पातळीवर. उंचावरून येणारा आवाज मराठी माणसाला ठाऊक होता तो मुख्यतः नगारखान्याचा. मात्र तो वर्दी देणारा आवाज होता.

हाच भेद विसाव्या शतकातील यंत्रयुगातही टिकून राहिला. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी आजच्या स्पीकरचा मूळ नमुना सिद्ध केला. १९३१ मध्ये मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' झळकला, तेव्हा ध्वनी पडद्याच्या दिशेनेच येत होता. प्रेक्षकाला ध्वनीने वेढण्याचा प्रयत्न 'फँटेशिया' (१९४०) या चित्रपटात झाला. 'अपोकॅलिप्स नाऊ' (१९७९) मध्ये हेलिकॉप्टरचा आवाज प्रेक्षकांभोवती फिरला. छतावरील स्पीकरना चित्रपटगृहात व्यापक स्थान मिळाले ते मात्र २०१२ च्या डॉल्बी ॲटमॉसपासून, आणि घरात २०१४ पासून. तत्पूर्वी छतातला स्पीकर म्हणजे स्थानक, रुग्णालय, हॉटेल यांतील सूचना देणारा स्पीकर. एका अर्थी तो नगारखान्याचाच वारस होता. त्याची घडण बोलणे दूरवर समान पोहोचावे या हेतूने झाली. चित्रपटातील सूक्ष्मतेसाठी नव्हे.

उलट दिशेचे उदाहरण मुंबईत आहे. १९८० मध्ये नरिमन पॉइंट येथे उघडलेल्या टाटा थिएटरची वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची आणि ध्वनियोजना सिरिल हॅरिस यांची. सुमारे १००० प्रेक्षकांना सतार वा सरोद ध्वनिवर्धकाविना ऐकू यावी यासाठी तेथे छताची घडणच कोनाकोनांची करण्यात आली. तेथे छतच वाद्याला साथ करते.

निवडीचा विचार

१९०७ मध्ये लॉर्ड रॅले यांनी दाखवून दिले की, आवाजाची आडवी दिशा आपण दोन कानांतील वेळेच्या व तीव्रतेच्या फरकावरून ओळखतो. समोरच्या दिशेत ही जाण एकदोन अंशांइतकी सूक्ष्म असते. उभ्या दिशेची जाण मात्र कानाच्या पाळीच्या वळणांवर व वरच्या स्वरांवर अवलंबून असल्याने बरीच ढोबळ असते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत समोरचे तीन स्पीकर कानाच्या उंचीवर, आणि मागचे दोन मध्यरेषेपासून १०० ते १२० अंशांवर ठेवण्यास सांगितले आहे. जागा नाही म्हणून ही पाचही कामे छताकडे सोपविणे हे सोयीचे असले, तरी समर्थनीय नाही. संवाद नटाच्या तोंडातून न येता डोक्यावरून येऊ लागतात.

प्रथम पाच स्पीकर खाली बसवावेत. छतात फक्त उंचीच्या आवाजाचे दोन वा चार असावेत : दोन असल्यास श्रोत्याच्या जवळपास डोक्यावर वा किंचित पुढे, चार असल्यास पुढेमागे साधारण ४५ अंशांच्या कोनात. आवाज रुंद पसरविणारा किंवा ट्वीटर श्रोत्याकडे वळविता येणारा स्पीकर घ्यावा. सूचनायंत्रणेचा १०० व्होल्टचा स्पीकर स्वस्तात मिळाला तरी टाळावा. किनाऱ्यावरील दमट, खारट हवेत फोमची कड कुजते व लोखंडी जाळी गंजते. म्हणून रबरी कड, पॉलिप्रॉपिलीनचा पडदा आणि ॲल्युमिनियमची जाळी यांना प्राधान्य द्यावे.

स्लॅबच्या घरात सळया असल्याने भोक पाडता येत नाही. खाली पीओपीचे छत घ्यावे लागते. त्याची पोकळी उथळ असते, तेव्हा स्वतःची बंद पेटी असलेला स्पीकर बरा. तो वरच्या मजल्यावर जाणारा आवाजही रोखतो. कौलारू घरात मात्र केवळ स्पीकरसाठी पाख्याखाली पीओपी ठोकणे म्हणजे वासे आणि कौले यांच्यातील हवा कोंडणे होय. गळती कोठे झाली हे मग दिसतही नाही. आणि वासा कुजल्याचे कळते ते फार उशिरा. आवाज छतावर आपटवून खाली आणणारे स्पीकरही येथे निरुपयोगी, कारण त्यांना सपाट व कठीण छत हवे असते. अशा घरात लहान पेटीचे स्पीकर तुळईला पट्टीने टांगून श्रोत्याकडे वळवावेत. तार वाशाच्या कडेने नेता येते, आणि तक्तपोशीची एकही फळी कापावी लागत नाही.