जुन्या इमारतीचे सागवान

शाळेच्या जुन्या इमारतीत शिकलेल्यांना मधल्या वर्गाचे छत आठवत असेल. गणिताच्या तासाला त्याच्या कड्या आपण सर्वांनीच मोजल्या आहेत. दोन भक्कम तुळया, त्यांवर कड्या, वर फळ्यांचे पाटण आणि या सर्वांवर वर्षानुवर्षे चढवलेला तैलरंग. इमारत उतरवताना मिस्त्रींनी एका तुळईवर रंधा फिरवला आणि रंगाखालून सोनेरी-तपकिरी सागवान वर आले. इतक्या वर्षांनंतरही त्याला चामड्यासारखा मंद वास होता.

त्याआधी काही वर्षे पडवी पाडली, तेव्हा तिचे खांब आपण जळाऊ लाकडाच्या भावाने देऊन टाकले होते. त्या ठरावावर माझीही सही आहे. पुढील मजकूर लिहिण्यास तीच सही कारण झाली.

सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलकट द्रव्ये असतात. त्यांमुळे वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाही आणि ओलावा त्याला लवकर नासवत नाही. ओकच्या लाकडातील आम्लाने लोखंडी खिळा झिजतो. सागात तो टिकतो. ऋतू बदलले तरी हे लाकूड फारसे फुगत वा आक्रसत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे उभ्या आहेत, त्या सागाच्याच. शनिवारवाड्यासाठी साग जुन्नरच्या रानातून आणला होता, असे सांगतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी साग-शिसव तोडायचे तर तेही सरकारी परवानगीने तोडावे, आणि रयतेने जिवापाड वाढवलेल्या आंब्या-फणसांना हात लावू नये, अशी ताकीद आहे. लाकूड हा राज्यकारभाराचा विषय आहे, हे आपल्याकडे अठराव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवले गेले.

आमच्या तुळयांची पावती दप्तरात सापडली नाही. परंतु बडोद्यास सागवान कोणत्या वाटेने येत असे, ते सांगता येते. आणि ती वाट समुद्रापासून सुरू होते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने ब्रिटिश आरमारासाठी सागाची जहाजे बांधली. 1817 साली तेथे पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे मलबारी सागाचे जहाज आज इंग्लंडमधील हार्टलपूल बंदरात तरंगते आहे. ‘कॉर्नवॉलिस’ हे 1813 सालचे जहाजही मुंबईचेच. त्याच जहाजावर 1842 साली नानकिंगचा तह झाला. असा साग मिळत राहावा म्हणून कंपनी सरकारने 1806 साली मलबारात कॅप्टन वॉटसन यांना जंगलांवर नेमले. त्यांची मक्तेदारी लोकांस इतकी जाचली की 1823 साली ती उठवावी लागली. तोवर नद्यांकाठचा मोठा साग बराच तुटून गेला होता. मग 1840 च्या दशकात दोन गोष्टी जवळपास एकाच वेळी घडल्या. नीलांबूर येथे कलेक्टर कॉनोली यांनी सागाची लागवड आरंभली. आणि सुरतेच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या कुशीतील डांगचे जंगल भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतले गेले.

आपल्या शहराशी संबंध येतो तो या दुसऱ्या गोष्टीचा. डांगच्या लगत सोनगड-व्यारा हा गायकवाडांचा जंगली मुलूख. गायकवाड सरकारने डांगच्या वेशीपर्यंत बिलिमोरा-वघई ही अरुंद मापाची रेल्वे घातली, ती 1913 साली सुरू झाली आणि तिचे मुख्य काम साग वाहण्याचे होते. जुन्या बडोद्यातील वाड्यांचे खांब आणि कोरीव कंस पाहावयाचे असतील, तर दिवाण भाऊ तांबेकर यांचा वाडा अवश्य पाहावा. आपण मराठी माणसे तेथील भित्तिचित्रांकडे पाहतो. लाकडाकडे पाहणारे थोडे.

ज्यांच्या रानातून साग आला, त्यांच्या वाट्याला भाडेपट्ट्याची ठरावीक रक्कम आली. पुढे जंगल राखीव झाले आणि आपल्याच डोंगरातील साग तोडणे हा डांगी माणसाचा गुन्हा ठरला. आजही होळीच्या सुमारास आहवा येथे ‘डांग दरबार’ भरतो आणि पाच राजांच्या वारसांना सालियाना दिला जातो. तो सोहळा रंगीत असतो खरा, पण मला तरी तो पाहताना आपले छत आठवते.

रानातला तसा जुना साग आता बाजारात जवळजवळ येत नाही. 1980 च्या वनसंवर्धन कायद्याने आणि 1996 पासूनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी नैसर्गिक जंगलातील तोड आवळली गेली; म्यानमारने 2014 साली ओंडक्यांची निर्यात थांबवली. दुकानात मिळतो तो बहुधा लागवडीचा साग. तो वाईट म्हणणे अन्यायाचे होईल. ताकदीत तो फार मागे नसतो. पण कोवळ्या झाडात बाहेरच्या फिकट लाकडाचा वाटा मोठा असतो, आणि वाळवीला तेच हवे असते.

जुने लाकूड वापरणे मात्र सोपे नाही. आमच्या तुळयांची भिंतीत गाडलेली टोके कुजलेली निघाली, ती कापावी लागली. आत लपलेल्या खिळ्यांनी करवतीचे पाते दोनदा मोडले. जुन्या रंगात शिसे असण्याची भीती म्हणून तो घासण्याचे काम मुलांपासून दूर, तोंडाला फडके बांधून झाले. कड्यांपासून ग्रंथालयाची कपाटे झाली, तुळयांपासून वाचनाची दोन लांब मेजे. लाकूड पुरते मुरलेले, त्यामुळे दोन पावसाळे जाऊनही एकही फळी वाकलेली नाही.

मेजांच्या कडेला चौकोनी भोके दिसतील. तेथे पूर्वी कड्यांची कुसवे बसत. मिस्त्री ती बुजवणार होते. आम्ही राहू दिली. पाचवीची मुले हल्ली त्यांत पेन्सिली उभ्या करून ठेवतात.